संगणकातला धागा आणि त्याला थांबवण्याची रीत

धागा म्हणजे काय हे नागपूरच्या माणसाला समजावून सांगायला नको. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल या शहरात सुरू झाली आणि पुढे शतकाहून अधिक काळ हजारो घरांतली चूल त्या गिरणीच्या भोंग्यावर पेटत राहिली. गोळीबार चौक, तांडापेठ या बाजूच्या कोष्टी वस्त्यांत हातमागाची खटखट तर त्याच्याही आधीपासूनची. मागावर बसलेल्या माणसाला विचारा, धागा तुटला तर काय होते? तो म्हणेल, तुटण्याचे काही नाही, सांधता येतो. तुटलेला कळला नाही तर मात्र हातभर कापड वाया जाते. म्हणूनच जपानात साकिची टोयोडा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग सिद्ध केला, त्याची मोठी करामत वेगाने विणण्यात नव्हती. धागा तुटताक्षणी माग आपोआप थांबे, ही ती करामत.

आता नागपूरच्या दक्षिण सीमेवरच्या बेसा गावाकडे वळू. पूर्वीचे हे शेतीचे खेडे. आज तिथे इमारतींच्या रांगा उभ्या आहेत आणि त्यांत राहणारी पुष्कळ तरुण मंडळी जवळच्या मिहान प्रकल्पात कामाला जातात. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल अशा कंपन्यांच्या कचेऱ्या तिथे आहेत. ही मुलेमुली संगणकाचे प्रोग्रॅम लिहितात. त्यांच्याही तोंडी दिवसभर धागाच असतो. फक्त ते त्याला थ्रेड म्हणतात. गावाकडून चार दिवस राहायला आलेली आई विचारते, ‘बाबू, रात्री बारा वाजता फोनवर कोणता धागा तुटला म्हणून ओरडत होतास?’ तो म्हणतो, ‘तुला नाही समजायचं.’ माझे म्हणणे असे की तिला नक्की समजेल. तिने पंगती वाढल्या आहेत.

लग्नाची पंगत बसली आहे असे समजा. वाढपी एकच असेल तर तो आधी सगळ्यांना मीठ-लिंबू वाढील, मग चटणी, मग आलूवांग्याची भाजी, मग पुरी. शेवटच्या पानापर्यंत वरण पोचेपर्यंत पहिल्या पानावरचा भात थंड झालेला असेल. म्हणून आपण पाच-सहा वाढपी उभे करतो. स्वयंपाकघर एक, पंगत एक, पण हात अनेक. संगणकाचा प्रोग्रॅम म्हणजे ते सगळे लग्नघर, आणि थ्रेड म्हणजे त्यातला एकेक वाढपी. तुमच्या हातातल्या मोबाइलवर हवामानाचा अंदाज बघताना एक थ्रेड पडदा सांभाळतो, दुसरा दूरच्या संगणकाकडून आकडे मागवतो, तिसरा चित्रे उतरवून घेतो. पडदा सांभाळणाऱ्या थ्रेडनेच आकडे आणायला जाऊन दारात ताटकळत बसायचे ठरवले, तर पडदा गोठतो. बोट लावा, काही हलत नाही. अँड्रॉइडच्या फोनवर बोटाला पाच सेकंदांत उत्तर मिळाले नाही, की ‘हे ॲप प्रतिसाद देत नाही’ अशा अर्थाची पाटी येते आणि बंद करायचे की थांबायचे असे फोन तुम्हाला विचारतो. ही पाटी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. तिच्यामागे बहुधा असा एक ताटकळलेला थ्रेड असतो.

तुम्ही ‘बंद करा’ वर बोट ठेवले की सबंध ॲपच बंद होते. इथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. चालू असलेल्या प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात. प्रोसेस म्हणजे स्वतंत्र घर. त्याची भिंत वेगळी, कोठार वेगळे. थ्रेड म्हणजे त्या घरात एकत्र कुटुंबात राहणारे भाऊ. चूल एक, धान्याची कोठी एक, कोठीची किल्लीही एक. एखादे घर पाडले तर त्याची जमीन संगणक परत ताब्यात घेतो, घेतलेल्या वस्तू सोडवतो आणि शेजारची घरे उभी राहतात. पण एकत्र कुटुंबातला एक भाऊ अचानक उचलून नेला, तर त्याने अर्धवट सोडलेले काम आणि त्याच्या कमरेची किल्ली यांचे काय? खरी अडचण ही आहे, आणि मागच्या तीस वर्षांत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी तिच्यापायी बऱ्याच रात्री जागून काढल्या आहेत.

हे शिक्षकबंधूभगिनींना शाळेच्या उदाहरणाने अधिक नीट पटेल. गुरुजी कपाट उघडून शिष्यवृत्तीचे रजिस्टर लिहीत बसले आहेत. कपाटाची किल्ली एकच. ती ज्याच्या हाती, त्यानेच रजिस्टरला हात लावायचा, बाकीच्यांनी दाराशी थांबायचे, असा शाळेचा नियम. प्रोग्रॅममध्येही असाच नियम असतो, त्याला लॉक म्हणतात. दोन थ्रेडनी एकाच नोंदीत एकाच वेळी लेखणी चालवू नये म्हणून तो केलेला असतो. गुरुजींनी एका मुलीच्या नावावरचे पाचशे रुपये कमी केले आहेत आणि आता ते दुसरीच्या नावावर चढवायचे आहेत. नेमके तेवढ्यात कोणी येऊन त्यांना हाताला धरून बाहेर ओढून नेले.

याचे दोन परिणाम संभवतात. पहिला असा की किल्ली गुरुजींच्या खिशातच गेली. आता बाकीचे शिक्षक दाराशी उभे आहेत ते उभेच. कपाट पुन्हा उघडणार नाही, आणि कोणी भांडतही नाही, कारण प्रत्येकाला वाटते की आतला माणूस येईलच. विंडोज प्रणालीत थ्रेडला जबरदस्तीने संपवणारी जी आज्ञा आहे, तिचे वागणे या जातीचे आहे. थ्रेड जातो, त्याच्या हातचे कुलूप तसेच बंद राहते. ही आज्ञा धोक्याची आहे, अगदी निरुपाय झाल्याखेरीज वापरू नये, असे ती बनवणाऱ्यांनीच आपल्या माहितीपत्रकात लिहून ठेवले आहे.

दुसरा परिणाम वरून बरा दिसतो, आतून तो अधिक वाईट आहे. गुरुजींना ओढून नेताना त्यांच्या खिशातली किल्ली दारात काढून ठेवली. पुढच्या बाईंनी किल्ली घेतली, कपाट उघडले, रजिस्टर पाहिले. रजिस्टर नीटनेटके आहे, अक्षर सुवाच्य आहे, पाचशे रुपये मात्र कुठेच नाहीत. एकीच्या नावावरून गेले, दुसरीच्या नावावर आले नाहीत. बाईंना हे कसे कळावे? त्या त्याच रजिस्टरवर पुढचा हिशेब मांडतात. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या जावा या भाषेत थ्रेड थांबवण्यासाठी ‘स्टॉप’ नावाची जी सोय होती, ती अशी वागे. थ्रेड जिथे असेल तिथे त्याला तोडायचे आणि जाता जाता त्याच्या हातची सगळी कुलुपे उघडून टाकायची. कुलूप उघडे, माल अर्धवट. तीनच वर्षांनी, १९९८ साली, ही सोय वापरू नका असा शेरा जावाच्या कर्त्यांनी तिच्यावर मारला. तरी जुन्या प्रोग्रॅमांसाठी ती पंचवीस वर्षे तशीच ठेवावी लागली, आणि २०२३ साली निघालेल्या विसाव्या आवृत्तीत तिचा दात पुरता काढला गेला. आता तिला हाक मारली तर ती काम करीत नाही, उलट चूक म्हणून नोंदवते. पायथॉन ही भाषा तर आज पुष्कळ महाविद्यालयांत शिकवली जाते. तिच्यात बाहेरून थ्रेड मारण्याची अधिकृत सोय मुळातच ठेवलेली नाही. विद्यार्थ्यांना ती उणीव वाटते. माझ्या मते ते शहाणपणाने सोडलेले पान आहे.

मग थांबवायचे कसे? शाळेत आपण कसे थांबवतो? घंटा देऊन. घंटा झाली की गुरुजी हातातले वाक्य पुरे करतात, पाचशे रुपये दुसरीच्या नावावर चढवतात, रजिस्टर मिटतात, कपाटाला कुलूप लावून किल्ली खुंटीवर अडकवतात, मग वर्गाबाहेर पडतात. थांबवणारा फक्त सूचना देतो. थांबतो तो ज्याचा त्याने. जावात या घंटेला इंटरप्ट म्हणतात. सी प्लस प्लस भाषेला २०२० साली नवा साज चढला, त्यात प्रत्येक नव्या धाटणीच्या थ्रेडबरोबर अशी घंटा जन्मतःच बांधून दिलेली आहे. युनिक्स घराण्यातल्या संगणकांसाठी १९९५ साली थ्रेडांचे जे प्रमाण ठरले, त्यात आणखी एक युक्ती आहे. थ्रेड रद्द करा असे सांगितले तरी तो ठरावीक थांब्यांवरच थांबतो, जशी एस.टी. थांब्यावर थांबावी तशी. आणि उतरण्यापूर्वी काय काय आवरायचे याची यादी त्याने आधीच देऊन ठेवायची असते. (आपल्या एस.टी.ने मध्यंतरी हात दाखवा, गाडी थांबवा असेही केले होते, पण संगणकाला ते मानवत नाही.)

घंटा दिली म्हणजे शाळा सुटली असे मात्र नव्हे. ती ऐकू न येण्याच्या तीन तऱ्हा आहेत, आणि पोट्टे नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी तिन्हींत सापडतात.

पहिली तऱ्हा, कामात इतके गढून जायचे की कान बंद. एखादा थ्रेड दहा लाख नोंदींची बेरीज करीत सुटला आहे आणि मध्ये एकदाही ‘घंटा झाली का?’ असे विचारीत नाही. त्याला घंटा कितीही वाजवा. म्हणून लांब कामाच्या फेऱ्यात दर काही नोंदींनंतर घंटेकडे कान देण्याची ओळ मुद्दाम लिहावी लागते.

दुसरी तऱ्हा झोपेची. थ्रेड दूरच्या संगणकाच्या उत्तराची वाट पाहत बसला आहे, पलीकडचा बोलत नाही. काही प्रकारच्या झोपेतून इंटरप्ट थ्रेडला उठवतो, पण तारेवरून उत्तराची वाट बघणाऱ्या जुन्या पद्धतीच्या थ्रेडला जावाची घंटा ऐकू जात नाही. त्यावर दोन उपाय. एक, वाट पाहण्याची मुदत आधीच ठरवायची, तीस सेकंदांत उत्तर आले नाही तर उठायचे. दुसरा, बाहेरून ती तारच बंद करायची, म्हणजे वाट बघणाऱ्याला ‘तार तुटली’ अशी चूक मिळून तो जागा होतो. मुदत न घालता वाट पाहणे ही चूक फार सर्रास होते. कोणाकडे हातउसने पैसे द्यावेत आणि परतीची तारीख विचारूच नये, तसलाच तो भोळेपणा.

तिसरी तऱ्हा सगळ्यांत लबाड. घंटा ऐकायची आणि गिळून टाकायची. जावात झोपलेला थ्रेड इंटरप्टने जागा झाला की त्याला एक्सेप्शन मिळते, म्हणजे नेहमीच्या वाटेत काहीतरी वेगळे घडल्याची वर्दी मिळते. आणि ती मिळतेवेळी घंटेची खूण पुसली जाते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ती वर्दी झेलली, पण झेलून खाली काहीच लिहिले नाही, कंस रिकामा सोडला. झाले! मुख्याध्यापकांना वाटते घंटा दिली आहे, शिपायाला वाटते ऐकली आहे, आणि वर्ग आपला चालूच. अशा ठिकाणी एकतर वर्दी वरच्याकडे पोचवावी, नाहीतर पुसलेली खूण पुन्हा उभी करावी, असा संकेत आहे. रिकामा कंस मात्र कधीही सोडू नये. बेसा असो की बंगलोर, प्रोग्रॅम तपासणाऱ्या जाणत्या माणसाची नजर सर्वांत आधी या रिकाम्या कंसावर जाते.

आतापर्यंत आपण थ्रेडला बाहेरून थांबवण्याचे पाहिले. पण थ्रेड स्वतःच चूक होऊन पडला तर? वाढपी पाय घसरून पडला. हे कोणाला कळावे, आणि बाकीच्यांनी काय करावे?

यावर भाषाभाषांचे मत वेगळे आहे. जावात एखाद्या थ्रेडने चूक झेलली नाही, तर तो थ्रेड एक तक्रार छापून संपतो आणि बाकीचे थ्रेड चालू राहतात. पंगत चालू आहे, फक्त भात येणे बंद झाले. सी प्लस प्लसमध्ये २०११ सालापासूनचा नियम असा की थ्रेडमधून चूक बाहेर सांडली की सबंध प्रोग्रॅमच तिथल्या तिथे बंद. २००९ साली जाहीर झालेल्या गो भाषेचेही तसेच. एका धाग्यातला न आवरलेला घोळ सगळे लग्नघर बंद पाडतो. ऐकायला हे कठोर वाटते. परंतु सगळे बंद पडले की निदान सर्वांना कळते, टोयोडांचा माग थांबल्यासारखे. मला स्वतःला जावाचा मऊपणा अधिक धोक्याचा वाटतो. त्यातही एक आणखी नाजूक जागा आहे. हल्ली थ्रेड हाताने उभे न करता मजुरांच्या टोळीसारखे कामावर ठेवतात. काम टोळीकडे सोपवायचे आणि त्याबद्दल एक पावती घ्यायची. काम करताना चूक झाली तर ती चूक त्या पावतीत घडी घालून ठेवली जाते. पावती कोणी उघडून पाहिलीच नाही, तर चूक कोणालाच दिसत नाही. ना आरडाओरड, ना छापील तक्रार. पावती घेऊन ती खिशात विसरणे ही आपली जुनी खोड. इथे तिची किंमत मोठी पडते.

गप्प राहण्याची किंमत किती मोठी असते, याचा दाखला १४ ऑगस्ट २००३ चा आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात फर्स्टएनर्जी या वीजकंपनीच्या नियंत्रण कक्षात वीजवाहिन्यांवर काही बिघडले की धोक्याची सूचना देणारा प्रोग्रॅम चालू होता. दुपारी दोन वाजून गेल्यावर त्यातल्या दोन कामांनी एकाच माहितीत एकाच वेळी लेखणी घातली. कुलपाचा नियम त्या जागी ढिला होता. सूचना देणारा भाग एका न संपणाऱ्या फेऱ्यात अडकला. तो मेला नाही, त्याने तक्रारही केली नाही. फक्त बोलायचा थांबला. पडद्यावर धोक्याची सूचना येत नाही, तेव्हा सारे ठीक आहे, असे तिथल्या माणसांनी धरले. बाहेर वाहिन्या झाडांना टेकून एकामागून एक बंद पडत होत्या. चार वाजून दहा मिनिटांच्या सुमारास अमेरिकेच्या ईशान्य भागातले आणि कॅनडातल्या ओन्टारिओतले मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. चूक एकट्या प्रोग्रॅमची होती असे नाही. झाडे छाटलेली नव्हती, आणखीही हलगर्जी झाली होती. पण जो धागा बोलायचा तोच मुका झाल्यामुळे सावरण्याची वेळ हातची गेली.

गुराख्याला हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गाईच्या गळ्यात घंटी बांधलेली असते. झुडपांआड गाय दिसत नसली तरी घंटीचा आवाज येतो तोवर तो निश्चिंत. आवाज थांबला की तो उठून बघायला जातो. संगणकातही थ्रेडने दर काही क्षणांनी ‘मी आहे’ असे सांगत राहावे आणि ते ऐकू आले नाही तर रखवालदाराने दखल घ्यावी, अशी व्यवस्था करतात. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात असा रखवालदार होता. यानातल्या एका कमी महत्त्वाच्या कामाने कुलूप धरून ठेवले, मधल्या महत्त्वाच्या कामांनी त्याला पुढे सरकू दिले नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे काम दाराशी अडकले. रखवालदाराने हे ओळखून दर वेळी यानाचा संगणक नव्याने चालू केला. त्यामुळे काही निरीक्षणे खोळंबली, पण यान वाचले. कुलूप धरणाऱ्याला तात्पुरता वरचा मान देणारी सोय त्यात मुळातच होती, ती बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरच्या लोकांनी कारण शोधून ती इथूनच चालू केली. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८६ च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरध्वनीच्या कामासाठी एरलँग भाषा रचायला घेतली, तिने तर हा रखवालदारच मुख्य मानला. प्रत्येक कामाला वेगळे घर द्या, सामायिक कोठी ठेवूच नका, पडले तर पडू द्या, शेजारचा रखवालदार नवे उभे करील, अशी तिची रीत.

आपल्या मुलखाचाही या विषयाशी जुना संबंध आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी जन्मलेले विजय भटकर १९६५ साली नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले. तेच आजचे व्हीएनआयटी. अमेरिकेने आपल्याला मोठा संगणक देण्याचे नाकारल्यानंतर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार झाला. एक अवाढव्य यंत्र बांधण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाच्या लहान संगणकचिपा अनेक जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम करून घ्यायचे, ही त्याची कल्पना. एका सांडाऐवजी बैलांच्या अनेक जोड्या म्हणा. हे ट्रान्सप्युटर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे, आणि त्यांच्यासाठी ऑकम नावाची एक भाषा रचलेली होती. त्या भाषेत एक नियम फार सुंदर होता. चार कामे एकत्र सोडली, तर ती चारही संपेपर्यंत पुढची ओळ सुरूच व्हायची नाही.

याचे मोल शाळेची सहल काढणाऱ्याला कळेल. रामटेकला मुले नेली. गडावर पाच गट केले, पाच दिशांना सोडले. परतताना गाडीपाशी पाचही गट मोजल्याशिवाय गाडी हलत नाही. एका गटातल्या मुलाचा पाय मुरगळला तर बाकी गटांनाही निरोप धाडून परत बोलावतात, आणि काय काय झाले ते सगळे एकत्र ऐकून घेतात. जावाच्या आरंभीच्या काळात थ्रेड सोडताना असे मोजून घेण्याची सक्ती नव्हती. सोडला की सुटला. तो कुठे गेला, परत आला का, पडला का, हे ज्याने त्याने लक्षात ठेवायचे. अलीकडे ऑकमचा तो जुना विचार नव्या रूपाने परत आला आहे. पायथॉनच्या २०२२ सालच्या ३.११ या आवृत्तीत कामांचा गट करण्याची सोय आली. गटातले एक काम चूक होऊन पडले तर बाकीच्यांना थांबण्याची घंटा मिळते, सगळे थांबेपर्यंत गट हलत नाही, आणि झालेल्या साऱ्या चुका एका गाठोड्यात बांधून वरच्याच्या हाती येतात. जावानेही २०२३ पासून अशीच सोय चाचणीदाखल देऊ केली.

थांबणे कधी कधी ठरवूनही घ्यावे लागते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात दूरसंचाराच्या तारांचा बिघाड झाला आणि त्यापायी जोखमीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा बंद पडली. खरेदी-विक्री चालू ठेवता आली असती. पण कोणाच्या डोक्यावर किती बोजा चढतो आहे हे न बघता ती चालवावी लागली असती. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी बाजार थांबवला गेला, दुपारी पावणेचारला पुन्हा उघडला आणि त्या दिवशी पाचपर्यंत चालला. लोकांनी पुष्कळ बोल लावले, आणि सगळेच अवाजवी नव्हते. इतका वेळ का लागला, हा प्रश्न रास्तच. तरी रखवालदार झोपला असताना कोठार उघडे ठेवण्यापेक्षा दार लावणे बरे.

आता तुमच्याआमच्या खिशाची गोष्ट. बियाण्याच्या दुकानात तुम्ही फोनवरून हजार रुपये दिले. फोन थोडा वेळ फिरत राहिला. बँकेचा संदेश आला की पैसे कमी झाले. दुकानदार म्हणतो, मला आले नाहीत. हा त्याच अर्ध्यावर सुटलेल्या रजिस्टरचा प्रकार आहे, फक्त रजिस्टरे दोन बँकांत आणि गुरुजी मधल्या तारेवर. यूपीआय ही व्यवस्था २०१६ साली सुरू झाली, ती चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेचे मुख्यालय मुंबईत आहे. अशा व्यवहाराला प्रत्येक टप्प्यावर वाट पाहण्याची मुदत असते आणि प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणजे तुटलेला धागा नंतर शोधून एकतर पुढे सांधता येतो, नाहीतर मागे उलगडता येतो. म्हणून गडबडीने लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका; आधी तो क्रमांक टिपून ठेवा आणि पहिल्याचे काय झाले ते पाहा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये याबद्दल नियम घालून दिले. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे पोचले नाहीत तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत जमा व्हावेत. दुकानदाराला द्यायच्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवशी १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने मागितली नाही तरी द्यायची. हा नियम गावच्या चावडीवर लावून ठेवण्याजोगा आहे.

शिक्षकांनी हा सारा विषय वर्गात अर्ध्या तासात खेळातून दाखवावा. संगणक लागत नाही. दोन डबे घ्या, प्रत्येकात पन्नास शेंगदाणे मोजून टाका. टेबलावर एक रूळ ठेवा. तो ज्याच्या हातात, त्यानेच डब्यांना हात लावायचा. चार मुलांनी पाळीपाळीने पहिल्या डब्यातून पाच दाणे काढून दुसऱ्यात टाकायचे किंवा उलट. पहिल्या फेरीत तुम्ही मध्येच एकाचे नाव पुकारा, आणि त्याने असेल तिथून रूळ टाकून, दाणे मुठीत तसेच घेऊन बाहेर जायचे. दाणे मोजा, शंभर भरत नाहीत. दुसऱ्या फेरीत त्याने हातचे पाच दाणे डब्यात टाकून, रूळ जागेवर ठेवून, मग जायचे. पुन्हा मोजा. तिसऱ्या फेरीआधी एका मुलाच्या कानात सांगा की रूळ हातात आला की त्याने काहीच न करता, काहीच न बोलता उभे राहायचे. बाकीच्यांना यातले काही सांगू नका. ‘गुरुजी, हा काहीच करत नाही’ अशी पहिली तक्रार यायला किती वेळ लागतो, ते घड्याळात बघून फळ्यावर लिहा.